बत्तीस नंबरची डबी

हर्षदा आषाढ सरता सरता गोव्याहून घरी आली ती आईचा पाय मोडला म्हणून. भाताच्या आवणीच्या चिखलात गोजाबाई बांधावरून घसरली होती. जव्हारच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं होतं आणि दीड महिना पाय जमिनीला टेकवायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हर्षदाचा भाऊ रघू आणि त्याची बायको धाकली दिवसभर शेतात असत. म्हातारीजवळ कुणीतरी हवं होतं.

खोडाळ्यापर्यंत एस.टी., पुढे पाड्यापर्यंत जीप. एवढ्या प्रवासात हर्षदाने एक लाकडी खोका मांडीवरून खाली ठेवला नव्हता. धाकलीला वाटलं, नणंदेने आईसाठी काही खाऊ आणला. खोका उघडला तर आत कापडात गुंडाळलेली जुनी दुर्बीण आणि फोटोच्या रोलच्या चौदा काळ्या डब्या. दुर्बीण म्हणजे सूक्ष्मदर्शक, पण घरात सगळे तिला दुर्बीणच म्हणू लागले. डब्यांच्या झाकणांवर पांढऱ्या शाईने आकडे होते, तीस ते त्रेचाळीस. एक डबी हलवून पाहत धाकली म्हणाली,

"बाय, आमी शेताची माती तुडवतो आन् तू दर्याची चाळतेस. दोघींच्या हाताला मातीच."

दर्या होता फार लांबचा. अंटार्क्टिकाच्या अलीकडे, जिथे पाण्यावर बर्फाचे डोंगर तरंगतात, तिथे साडेतीन हजार मीटर खोल तळात एक लांब नळी खुपसून जहाजाने गाळ वर काढला होता. गाळ थरावर थर साचतो. वरचा थर आजचा, जसजसं खाली जावं तसतसा जुना. हर्षदाच्या संस्थेत त्या गाळाचे बोटभर जाडीचे काप करून, धुऊन, चाळून डब्यांत भरले होते. एक ते एकोणतीस तिने गोव्यातच संपवल्या होत्या. उरलेल्या चौदा डब्यांत चौदा ते एकोणीस हजार वर्षांपूर्वीचा काळ होता. पृथ्वीवरचं बर्फ वितळायला लागलं तो काळ. प्रबंधाचा सगळा भार याच डब्यांवर होता.

त्या थरांचा गाळ आता संस्थेत उरला नव्हता. नळीचा दुसरा अर्धा भाग पुढच्या लोकांसाठी राखून ठेवला होता, त्याला सुरी लावायची नाही असा नियम. आणि समस्थानिकं, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे हलके-जड प्रकार, मोजायच्या यंत्रावर तिची पाळी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लागली होती. ती चुकली तर पुढची वर्षभराने. तिचे मार्गदर्शक लोटलीकर सर खोका तिच्या हाती देताना एवढंच म्हणाले होते की वीस वर्षांत त्यांनी नमुने दाराबाहेर जाऊ दिलेले नाहीत. तिने मान डोलावली होती.

पडवीत, दारातून उजेड येईल अशा जागी तिने पाट मांडला, त्यावर दुर्बीण ठेवली. विजेचा भरवसा नव्हता, पण या कामाला दिवसाचा उजेड पुरे होता. डबीतली चिमूटभर पूड काळ्या ताटलीत पसरायची, दुर्बिणीतून पाहायची आणि ओल्या कुंचल्याच्या टोकाने त्यातले शंख एकेक करून उचलायचे. शंख नुसत्या डोळ्यांना बारीक रव्यासारखे दिसत. एकपेशीय जीव ते, समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन अंगाभोवती घर बांधणारे, मेल्यावर तळाशी जाऊन पडणारे. हर्षदाला त्यातली एकच जात हवी होती, डावीकडे वळण घेतलेली. ती गार पाण्यात राहते. यंत्रावरच्या एका मोजणीला अठरा-वीस शंख लागत, उरलेली पूड परत डबीत जाई, आणि अख्ख्या दिवसात एका डबीचं काम झालं तर झालं.

गोजाबाई पाय लांब करून बाजूला बसलेली असे. रिकामे हात तिला कधी ठाऊक नव्हते. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, बघू का. दुर्बिणीला डोळा लावून ती इतका वेळ वाकून राहिली की हर्षदाला वाटलं, तिला काहीच दिसत नसावं. मग म्हणाली, "यातलं एक उलटं हाय."

ते खरंच उलटं होतं. उजवीकडे वळलेला एक शंख, थोड्या उबदार पाण्यातला. हर्षदाच्या नजरेतून तो निसटला होता.

बियाण्याच्या नागलीतून, म्हणजे नाचणीतून, खडा आणि तणाचं बी वेचण्यात गोजाबाईचा जन्म गेला होता. नागलीचा दाणा मोहरीपेक्षा लहान, आणि तणाचं बी त्याच्याच रंगाचं. त्या डोळ्यांना दुर्बीण मिळाली. कुंचला धरायला तिला एक सकाळ लागली. पहिल्यांदा तिने तो सुईतल्या दोऱ्यासारखा जिभेवर ओला केला. हर्षदाने तिला थांबवून वाटीतलं पाणी दाखवलं. त्यानंतर ती कधी चुकली नाही. तीस आणि एकतीस नंबर हर्षदाने केले, बत्तीस आईकडे दिला. दोन दिवसांत तिने अठरा शंख वेचून कागदी पट्टीवरच्या खाचेत ओळीने ठेवले. ते हर्षदाने तपासले, बदलण्यासारखा एकही नव्हता.

वेचता वेचता आई विचारत असे. एवढ्याशा शिंपल्याला काय कळतं? हर्षदाने सांगितलं की पाण्यातला प्राणवायू दोन तऱ्हेचा असतो, एक हलका, एक जड. वाफ होताना हलका आधी उडतो. थंडीच्या काळात त्या वाफेचं बर्फ होऊन जमिनीवर साठून राहिलं की समुद्रात जड जास्त उरतो. शंख त्याच पाण्यातून घर बांधतो, म्हणून तेव्हाचं प्रमाण त्याच्या घरात राहून जातं. पाणी किती गार होतं याचीही त्यात नोंद असते.

"पाखडतात तसं," गोजाबाई म्हणाली. "हलकं उडतं, जड सुपात राहतं."

हर्षदाने चार वर्षांत हे बऱ्याच जणांना बऱ्याच प्रकारे समजावलं होतं. सूप तिला सुचलं नव्हतं.

श्रावण लागला. पाड्यावर धुकं दिवस दिवस उठेना. भिंती ओलावल्या, मीठ पाझरलं, काडी घासली तर तिचं गूल नुसतं निघून येई. ताटलीत पूड पसरली की दाणे एकमेकांना चिकटून गोळे होत. एका सकाळी वैतागून हर्षदा म्हणाली की डब्यांनी ओल धरलीय, काहीतरी करायला हवं. त्याच दिवशी तिला जव्हारला आदिवासी प्रकल्प कार्यालयात एका दाखल्यासाठी जायचं होतं. डब्या पाटावर तशाच ठेवून ती जीपला गेली.

दाखला मिळाला नाही, साहेब दौऱ्यावर होते. दुपार कलताना ती परतली. आई चुलीजवळ बसून होती, चेहरा खुशीत. डब्या पाटावर जागच्या जागी, आकड्यांच्या ओळीत. उजेड अजून तासभर पुरेल असं पाहून हर्षदाने तेहेतीस नंबरची डबी उघडली आणि पूड ताटलीत घेतली. दाणे सुटे झाले होते. कोरडे, भुरभुरीत.

तिने डोळा लावला. शंखांच्या मध्ये करडी बारीक भुकटी होती. काही कण काचेसारखे, कडा धारदार.

तिला एकच गोष्ट सुचली. ज्वालामुखीची राख. दक्षिणेकडच्या बेटांवर ज्वालामुखी आहेत, त्यांची राख वाऱ्यावर शेकडो मैल जाते आणि तळाच्या गाळात तिचा पातळ थर सापडतो. असा थर सापडणं म्हणजे जुन्या पत्रावर पोस्टाचा शिक्का सापडणं, काळाची खूण पक्की होते. तिच्या गाळात असा थर आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. तिने घाईने चौतीस नंबर उघडला. त्यातही राख. पस्तीसमध्येही. छत्तीस उघडताना तिचा हात थांबला. एवढा जाड थर असूच शकत नव्हता. तिने झाकण खाली ठेवलं आणि तीस नंबरची डबी घेतली. ती तिने स्वतः वेचली होती, तिच्यातलं काय काय ते तिला पाठ होतं. तीसमध्येही राख होती, आणि राखेत एक जळकं, काळं, पानाच्या शिरेसारखं जाळं.

चुलीकडून आईने विचारलं, सुकलं ना?

हर्षदाने मागे वळून पाहिलं. चुलीवर टांगलेल्या बांबूच्या ताटीवर दरवर्षी बियाण्याचे तुंबे, वाळवून पोकळ केलेले भोपळे, असत. धूर लागून काळे झालेले, तोंडाला कापडाचा बोळा. त्यांच्या शेजारी आज राखेची वाटी होती. बियाण्याने ओल धरू नये, त्याला कीड लागू नये म्हणून ते उबेला ठेवतात आणि त्यात चाळलेली राख मिसळतात. आईनेही केलं, आजीनेही केलं होतं. चार वर्षं गोव्यात राहून आपण हे विसरावं याचं हर्षदाला नवल वाटलं.

"सुकलं," ती म्हणाली. "बरं केलंस."

मोडका पाय ओढत, भिंतीला धरून आईने चौदा डब्या चुलीपर्यंत नेल्या होत्या आणि परत आणल्या होत्या.

काय झालं होतं ते तिला स्वच्छ कळत होतं. लाकडाच्या राखेतही चुना असतो, तोच पदार्थ जो शंखाचा. यंत्रात नमुना आम्लात विरघळवतात आणि निघालेला वायू मोजतात. तो वायू शंखाचा की राखेचा हे यंत्राला ओळखता येत नाही. शंखाच्या पोकळीत राखेचा कण अडकून राहिला, तर अठरा हजार वर्षांपूर्वीच्या समुद्रात यंदाच्या सरपणाची भेसळ होणार. आणि आई वाचायला शिकलेली नव्हती. एखाद्या डबीचं झाकण दुसरीला लागलं असेल, तर काळाचा क्रमच मोडला.

बाहेरून यातलं काहीच दिसणार नव्हतं. धुतले की शंख पुन्हा पांढरे शुभ्र होणार. विचार आला तसा तिने तो बाजूला सारला, पण तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला आणि जास्त वेळ थांबला. आकडे चांगले आले तर कोण विचारणार? ना आईला दुखवायचं, ना सरांना तोंड दाखवायचं.

तिसऱ्या दिवशी ती चालत खोडाळ्याला गेली. बाजारपेठेतल्या एस.टी.डी. बूथमध्ये उभी राहिली आणि सरांना सगळं सांगितलं. मधे कुठे थांबली नाही, रडलीही नाही.

"राख कसल्या लाकडाची?" सरांनी विचारलं.

तिला ठाऊक नव्हतं. किती घातली? ठाऊक नव्हतं. चाळलेली होती? डब्या एकेक उघडल्या की सगळ्या एकदम? सर म्हणाले की ज्यांनी घातली त्यांना नीट विचार आणि लिहून ठेव. त्या राखेची काड्यापेटी भरून घेऊन ये, तीही मोजू. शंख धुऊन घे. तीस, एकतीस आणि बत्तीस नंबरचे शंख आधीच वेचून ठेवलेत ना? ते कोरे आहेत. त्याच डब्यांतून आता पुन्हा वेच आणि धू. आधीचे आणि नंतरचे शेजारी शेजारी लाव, म्हणजे राखेने काय केलं ते कळेल. नाही जुळलं तर चौदाही सोडायच्या. फोन ठेवण्याआधी ते म्हणाले, "खोका मी दिला होता, हेही लिही."

जीपच्या गॅरेजमध्ये बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी मिळतं. त्याच्या दोन बाटल्या घेऊन ती घरी निघाली. वाटभर एकच गोष्ट डोक्यात होती. आईला विचारायचं म्हणजे आईला सांगायचं.

तिने सांगितलं. गोजाबाईने ऐकून घेतलं. नंतर बराच वेळ ती प्लास्टरच्या कडेचा सुटलेला धागा बोटाने गुंडाळत राहिली. मग म्हणाली की परवा तर तू बरं केलंस म्हणालीस.

"खोटं बोलले, आये."

"मना वाटलंच. तू तेव्हापासून नीट जेवली नाहीस."

हर्षदाने वही उघडली. धाकली शेतावरून येऊन दारात पाय धूत होती, तीही थबकून ऐकू लागली. गोजाबाईने एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं. राख ऐनाच्या लाकडाची. शेण्यांची, म्हणजे गोवऱ्यांची, राख वेगळी असते, ती बियाण्याला चालत नाही. लुगड्याच्या जुन्या पदरातून दोनदा गाळलेली. प्रत्येक डबीत एक चिमूट, दोन बोटांची, तीन नव्हे. डब्या चुलीपासून हातभर लांब ठेवल्या होत्या, हात भाजणार नाही एवढीच ऊब. झाकणांचं विचारलं तेव्हा ती जरा तडकली.

"तुझे आकडे मना वाचता येत नाय, म्हणून तर एकच झाकण हातात धरलं. एक उघडली, घातली, झाकली, जाग्यावर ठेवली. मग दुसरी. सात तुंब्यांत सात तऱ्हेचं बी असतं माझं. कधी चुकलंय?"

धाकली दारातून म्हणाली की सासूबाई सुनेला तरी एवढं नीट सांगत नाहीत. कुणी हसलं नाही, पण हवा जरा सैल झाली.

"आन् लिव," गोजाबाई म्हणाली, "राख मी घातली म्हणून. नायतर तुझ्यावर येल."

हर्षदाने लिहिलं. डब्या दमट झाल्यात हे मोठ्याने म्हणून, काही न सांगता आपण निघून गेलो, हेही तिने खाली लिहिलं.

दुसऱ्या दिवसापासून गोजाबाईने कुंचल्याला हात लावला नाही. पाट ओढून दिला तरी तोंड फिरवून भाताचं तूस पाखडत बसली. हर्षदा डबीतली पूड बारीक चाळणीवर घेऊन शुद्ध पाण्याने धूत राहिली. राख खाली निघून जाई, शंख वर राहत, आणि तरी ती पुन्हा धूत असे. पाच दिवसांत तिचं तीस आणि एकतीस पुन्हा वेचून झालं. मग बत्तीस नंबर धुऊन, सुकवून तिने ताटली आईसमोर नेऊन ठेवली.

आई म्हणाली, आता हिच्यात मी काय बिघडवू?

हर्षदाने समजूत घातली नाही. जे खरं होतं तेच सांगितलं. बत्तीस नंबरचे पहिले अठरा शंख आईच्या हातचे आहेत. प्रत्येकाचा हात वेगळा असतो. कुणी नकळत मोठे दाणे उचलतो, कुणी गुळगुळीत. दुसरे अठरा हर्षदाने वेचले आणि फरक आला, तर तो राखेचा की हाताचा हे कळायला मार्ग नाही. ते त्याच हाताने वेचायला हवेत.

"म्हणजे माझ्याबिगर होत नाय," गोजाबाई म्हणाली.

"नाही होत."

तिने सूप बाजूला ठेवलं. वाटी कुठे आहे विचारलं.

पुढचे वीस दिवस त्या दोघींनी आळीपाळीने डोळे लावले. गणपती आले आणि गेले. आईचं प्लास्टर निघालं, ती काठी घेऊन अंगणापर्यंत जाऊ लागली, पण सकाळचा पहिला उजेड ती दुर्बिणीसाठी राखून ठेवी. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात हर्षदा खोका मांडीवर घेऊन परत निघाली. खोक्यात चौदा डब्या, शंखांच्या पट्ट्या आणि राखेने भरलेली एक काड्यापेटी.

यंत्राची खोली थंडगार होती. आकडे एकामागून एक येत. तीस नंबर, कोरे आणि धुतलेले. प्राणवायूचा फरक यंत्राच्या चुकीत मावण्याएवढा. एकतीसचाही तसाच. बत्तीस नंबर आला तेव्हा सर खुर्चीतून उठून तिच्या मागे येऊन उभे राहिले. आईचे पहिले अठरा आणि दुसरे अठरा, दोन्हींमध्ये दशांशानंतर दुसऱ्या घरात दोनचा फरक. सरांनी चष्मा काढून पुसला.

त्याच वायूतला कर्ब, म्हणजे कार्बन, मात्र जुळला नाही. राखेचा कर्ब शंखाच्या कर्बाहून फार निराळा असतो. काड्यापेटीतल्या राखेने तेच दाखवलं. कणभर राख कुठेतरी आत राहिली होती, प्राणवायूत लपेल एवढी, कर्बात दिसेल एवढी. कर्बाच्या आकड्यांवर हर्षदाला आणखी एक प्रकरण लिहायचं होतं, खोल पाणी कसं फिरत होतं त्यावर. ते प्रकरण त्या संध्याकाळी गेलं. तिने धुतलेल्या शंखांच्या चौदा आकड्यांवर रेघा मारल्या. ठरवण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

धुतलेल्या शंखांच्या प्राणवायूचे चौदा ठिपके आलेखात राहिले. आतून पोकळ, बाकीच्यांहून वेगळे, म्हणजे पाहणाऱ्याला कळावं. त्यांच्याखाली लहान अक्षरांत टीप होती. राख कसल्या लाकडाची, किती वेळा गाळलेली, किती चिमूट, डब्या कोणत्या क्रमाने उघडल्या, आणि कोणी. गोजाबाईचं नाव तिथे संपूर्ण होतं.

दिवाळीला ती घरी आली तेव्हा नागली कापून झाली होती. आई काठीशिवाय चालत होती, जराशी लंगडत. बियाण्याची नागली तिने वेचून सुपात ठेवली होती, तुंबे ताटीवरून खाली काढले होते, आणि ऐनाची राख गाळून वाटीत तयार होती. हर्षदाने तिला सगळं सांगितलं, कर्बाचंही. गोजाबाईने ऐकलं. अर्धं राहिलं, अर्धं गेलं, एवढं तिला कळलं. गेल्याचं तिला वाईट वाटलं आणि तिने ते लपवलं नाही.

मग तिने पहिला तुंबा पुढे ओढला, त्यात नागली ओतली, दोन बोटांत राख घेतली. आणि हात तुंब्याच्या तोंडावर तसाच धरून तिने लेकीकडे पाहिलं.

"यात घालू ना?"

"घाल, आये," हर्षदा म्हणाली, आणि तिच्यासाठी दुसरा तुंबा सरळ धरला.